पाठीचा बांक आणि शरीराचे बंध

“सरळ बैस, पोक काढूं नकोस,” हें वाक्य ज्या घरांत दिवसांतून चार वेळां उच्चारलें जात नाहीं असें सुशिक्षित घर महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. आजी म्हणते, आई म्हणते, काका वर्तमानपत्रांतून डोकें वर काढून म्हणतात. मूल क्षणभर ताठ होतें आणि पुन्हां पूर्ववत् बसतें. पोक काढण्याची संवय वाईट, यांत वाद नाहीं. परंतु पाठीच्या कण्याचा एक बांक असा आहे कीं जो दटावून अथवा समजावून जात नाहीं, कारण तो संवयीचा नसतोच. आणि त्या बांकाची एक जात अशी आहे कीं तींत पाठ हें केवळ निमित्त असतें. खरें दुखणें सर्व शरीरांत पसरलेलें असतें. या जातीविषयीं आज लिहावयाचें आहे, व त्याला कारण एका वाचक भगिनीचें पत्र.

ह्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील धाकट्या सूनबाई आहेत. त्यांची मुलगी बारा वर्षांची. वर्गांत सर्वांत उंच, हातपाय लांबसडक, बोटें निमुळतीं, चष्म्याचा नंबर दर वर्षीं चढता. दिवाळीचें परकर-पोलकें बेततांना शिंपीणबाईंनीं प्रथम सांगितलें कीं मुलीचा डावा खांदा खालीं आहे आणि परकराचा काठ एकीकडे लोंबतो. सासूबाई म्हणाल्या, दप्तराच्या ओझ्यानें. थोरले दीर म्हणाले, मोबाइलमध्यें मान घालून बसण्यानें. एका आप्तानें हाडवैद्याचें नांव सुचविलें. अखेर अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं एक्स-रे काढून अठ्ठावीस अंशांचा बांक सांगितला आणि पट्टा दिला. मुलीनें तो निमूटपणें वापरला. सहा महिन्यांनीं बांक छत्तीस अंशांवर गेला. दुसऱ्या डॉक्टरांनीं आतां, पाठीचें कांहीं ठरविण्यापूर्वीं हृदयाची व डोळ्यांची तपासणी करून या, असें सांगितलें आहे. आणि घर येथें अडलें आहे. पाठ वांकडी, तर हृदय कशाला तपासावयाचें, हा एक प्रश्न. थोरल्या जावेच्या मुलीचें लग्न जुळत आलें असतां घरांत आनुवंशिक रोग असल्याचा बोभाटा नको, ही दुसरी अडचण. पत्राच्या शेवटीं, जणुं सहज, एक वाक्य आहे: घरांतील पुरुष सारे उंच, सासरे तर सव्वासहा फूट होते, ते बेचाळिसाव्या वर्षीं छातींत कळ येऊन एकाएकीं गेले.

हें शेवटचें वाक्य आम्हीं दोनदां वाचलें. आम्ही वैद्य नव्हों, आणि पत्रावरून निदान करणें वैद्यालाही शोभत नाहीं. परंतु पहिल्या प्रश्नाचें उत्तर वैद्यकग्रंथांत स्पष्ट आहे, आणि तें कळलें म्हणजे दुसऱ्या अडचणीचेंही रूप पालटतें.

प्रथम पोक आणि हा बांक यांतील भेद. पोक म्हणजे पाठ पुढें वांकणें. संवयीचें पोक ताठ बसतांच जातें. ज्याला पाश्चात्त्य वैद्यकांत स्कोलिओसिस म्हणतात तो बांक बाजूला जातो, आणि नुसता बाजूला जाऊन थांबत नाहीं. मणके आपल्या आंसाभोंवतीं पिळले जातात, त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात, आणि पाठीच्या एका अंगाला उंचवटा येतो. तो ओळखण्याची रीत कोणत्याही आईला साधेल. मुलाला पाय जुळवून, गुडघे न वांकवितां, हात खालीं सोडून पुढें वांकावयास सांगावें, व मागें उभें राहून पाठीची सपाटी पाहावी. एक अंग दुसऱ्याहून उंच दिसलें तर डॉक्टरांकडे न्यावें. विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यविशारदानें १८६५ सालीं ही गोष्ट ग्रंथांत मांडली, म्हणून त्याच्या नांवानें ही चांचणी प्रसिद्ध आहे. इग्वानोडॉन नांवाच्या प्रचंड प्राचीन सरड्याचा शोध लावणारा गिडीअन मँटेल १८५२ सालीं वारला, तेव्हां त्याचा वांकलेला कणा ॲडम्सनें तपासला होता. हयात असतां मँटेलच्या कमरेशीं दिसणारा उंचवटा म्हणजे गांठ आहे असें समजलें जात होतें. ती गांठ नव्हती, पिळलेले मणके होते. दुसऱ्यांच्या हाडांवर ज्यानें आयुष्य वेंचलें त्याच्या स्वतःच्या हाडांची भाषा कोणास वाचतां आली नाहीं, हा दैवाचा विचित्र खेळ.

बांक एक्स-रेवर मोजण्याची रीत न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनीं १९४८ सालीं घालून दिली. वरचा सर्वांत कललेला मणका आणि खालचा सर्वांत कललेला मणका यांच्या कडांवरून रेघा काढावयाच्या व त्यांमधील कोन मोजावयाचा. दहा अंशांखालील बांकाला रोग म्हणत नाहींत. शंभर मुलांमुलींत दोघांतिघांना दहा अंशांहून अधिक बांक असतो, आणि त्यांतील बहुतेकांचें कारण कळत नाहीं. पैकीं फार थोड्यांना उपचार लागतात. दप्तराच्या ओझ्यानें पाठ दुखते, परंतु तें हा बांक उत्पन्न करतें असें दिसून आलेलें नाहीं. तेव्हां सासूबाईंनीं दप्तराला आणि दिरांनीं मोबाइलला या एका आरोपांतून मुक्त करावें. मोबाइलवर दुसरे आरोप पुष्कळ आहेत.

आतां मुख्य मुद्दा. सुश्रुताच्या शारीरस्थानांत एक फार सुंदर दृष्टान्त आहे. फळ्यांची नाव अनेक बंधांनीं नीट आवळली म्हणजे ती पाण्यांत माणसांचा भार सोसते. त्याप्रमाणें शरीरांतील सांधे स्नायूंनीं बांधलेले असल्यामुळें माणूस भार सोसूं शकतो. असे स्नायु तो नऊशें मोजतो. सुश्रुताचा स्नायु म्हणजे हल्लींच्या पाठ्यपुस्तकांतील आखडणारा व सैल होणारा स्नायु नव्हे. त्याला तो पेशी म्हणतो. त्याचा स्नायु म्हणजे बंध. एक जुना नेमका शब्द आपण भलत्याच अर्थानें वापरूं लागलों आणि बंधाला अस्थिबंध असा नवा शब्द घडवीत बसलों, याचें आम्हांस नेहमीं वैषम्य वाटतें, असो. नवीन शास्त्रानें या दृष्टान्तांत एवढीच भर घातली कीं नाव बांधणारा तो सुंभ केवळ सांध्यांना नसतो. तोच धागा, थोड्याफार फरकानें, रक्तवाहिनीच्या भिंतींत, हृदयाच्या झडपांत, त्वचेंत, आणि डोळ्यांतील भिंग टांगून धरणाऱ्या सूक्ष्म तंतूंत असतो. यालाच संयोजी ऊतक म्हणतात. धाग्याचें सूतच जन्मतः कच्चें असेल, तर नाव कोठें प्रथम उसवेल तें सांगतां येत नाहीं. बाहेरून दिसते ती पाठ. आंत न दिसणारी महारोहिणी, म्हणजे हृदयांतून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी, ताणली जात असते. पाठीच्या डॉक्टरांनीं हृदय तपासून या म्हटलें तें याच कारणानें.

अशा रोगांपैकीं सर्वांत परिचित तो मार्फानचा. पॅरिसचे बालवैद्य आंत्वान मार्फान यांनीं १८९६ सालीं लांब, सडपातळ हातापायांच्या व कोळ्याच्या पायांसारख्या बोटांच्या एका लहान मुलीचें वर्णन केलें. त्या मुलीचा रोग बहुधा हा नव्हताच, थोडा निराळा होता, असें पुढील विद्वानांचें मत पडलें. तरी नांव मार्फानचेंच राहिलें. अमेरिकेंतील बाल्टिमोरच्या व्हिक्टर मॅकक्युसिक यांनीं १९५६ च्या आपल्या ग्रंथांत अशा सर्व आनुवंशिक रोगांना एका सूत्रांत ओवलें, आणि १९९१ सालीं मार्फानच्या रोगाचें मूळ सांपडलें: पंधराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत दोष, आणि त्यामुळें फायब्रिलिन नांवाचें प्रथिन सदोष. सुमारें पांच हजारांत एकाला हा रोग असतो. स्त्रीपुरुष, जातपात, देश असा भेद नाहीं. त्या रोग्यांपैकीं शंभरांत साठांच्या आसपास लोकांना पाठीचा बांक असतो.

घरांत पाहण्यासारखीं चिन्हें थोडीं आहेत. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली असतां अंगठ्याचें संबंध नख करंगळीपलीकडे बाहेर येतें. एका हाताच्या अंगठ्यानें व करंगळीनें दुसऱ्या मनगटाला वेढा घातला असतां अंगठा करंगळीच्या नखावर चढतो. दोन्ही हात पसरले असतां बोटांच्या टोकांमधील अंतर उंचीपेक्षां बरेंच अधिक भरतें. मात्र बांक मोठा असेल तर उंचीच घटलेली असते, म्हणून हें माप फसवें. छातीचें हाड आंत दबलेलें किंवा कबुतरासारखें पुढें आलेलें, पाय सपाट, डोळ्याचें भिंग जागचें सरकलेलें, चष्मा लहानपणींच जाड. यांतील एखादें चिन्ह निरोगी माणसांतही आढळतें; उंच मुलगी दिसली कीं लगेच घाबरण्याचें कारण नाहीं. चार चिन्हें एकत्र आलीं म्हणजे मात्र हृदयाचा इकोकार्डिओग्राम आणि नेत्रवैद्यांची सविस्तर तपासणी अवश्य करावी. इकोकार्डिओग्रामला सुई टोंचावी लागत नाहीं, दुखत नाहीं, तास-अर्ध्या तासांत होतो.

न केल्यास काय होतें, याचें एक उदाहरण जगानें पाहिलें आहे. फ्लो हायमन ही अमेरिकेची नामांकित व्हॉलीबॉलपटु. उंची सहा फूट पांच इंच. १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें तिच्या संघानें रौप्यपदक मिळविलें. जानेवारी १९८६ मध्यें जपानांत सामना चालूं असतां ती बांकावर बसली, आणि बसल्या जागीं कोसळून गेली, वय एकतीस. शवपरीक्षेंत महारोहिणी फाटलेली आढळली. तिला मार्फानचा रोग होता आणि तें कोणासही ठाऊक नव्हतें. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच रोग निघाला आणि वेळींच शस्त्रक्रिया झाल्यानें तो वांचला. १९७२ सालच्या एका प्रसिद्ध पाहणींत अशा रोग्यांचें मरणाच्या वेळचें सरासरी वय अवघें ३२ आढळलें होतें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत निम्मे रोगी ७२ वर्षांपर्यंत जगतील असा हिशेब निघाला. हें अंतर पडलें तें इकोकार्डिओग्राममुळें, नाडीचा जोर व रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांमुळें आणि महारोहिणी फाटण्यापूर्वींच ती बदलण्याच्या शस्त्रक्रियेमुळें. म्हणजे रोग अगोदर ठाऊक असल्यामुळें.

आतां पाठीच्या उपचारांकडे वळूं. अस्थिशल्याला इंग्रजींत ऑर्थोपेडिक्स म्हणतात, तो शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्यानें १७४१ सालीं ग्रीक शब्दांवरून घडविला. अर्थ, सरळ बालक. त्याच्या ग्रंथांत एक चित्र आहे: वांकडें वाढलेलें रोप दोरीनें सरळ खुंटाला बांधलेलें. पट्ट्याची सारी कल्पना या चित्रांत आहे. वाढत्या हाडावर योग्य जागीं दाब ठेवला म्हणजे वाढच त्याला आवर घालते. ज्या बांकाचें कारण अज्ञात असतें त्यांत ही कल्पना खरी ठरली आहे. अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांनीं मिळून केलेल्या आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पट्टा वापरणाऱ्या शंभरांपैकीं ७२ मुलांचा बांक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखालीं राहिला. नुसतें लक्ष ठेवलेल्यांत ४८ जणांचा. रोज तेरा तासांहून अधिक पट्टा वापरणाऱ्यांत शंभरांत नव्वदांहून अधिक मुलें शस्त्रक्रियेवांचून सुटलीं. तेव्हां पट्टा हें थोतांड नव्हे.

परंतु सुतच कच्चें असलेल्या मुलांत हिशेब निराळा. बाल्टिमोरचे शल्यविशारद पॉल स्पॉन्सेलर व त्यांचे सहकारी यांनीं मार्फानच्या मुलांचे पट्ट्याचे अनुभव २००० सालीं प्रसिद्ध केले. यश आलें तें सहांत एकाच्या आसपास. खुंट घट्ट, दोरी घट्ट, पण रोपच लवचीक असें होतें: बरगडीवर दिलेला दाब मणक्यापर्यंत पुरता पोंचत नाहीं, सैल सांध्यांत तो जिरतो, आणि या मुलांचा बांक मुळांतच लवकर सुरू होऊन झपाट्यानें वाढणारा. म्हणून पत्रांतील मुलीचा बांक पट्टा लावूनही वाढला यांत तिचा हलगर्जीपणा असेलच असें नाहीं. पट्टा चोरून काढून ठेवीत असेल, असा घरांत संशय व्यक्त झाला असल्याचें त्या भगिनींनीं लिहिलें आहे. बारा वर्षांची मुलगी उन्हाळ्यांत तें प्लॅस्टिकचें चिलखत अंगावर बाळगते, तिच्यावर पुन्हां हा आरोप! अगदीं लहान मुलांत पट्टा किंवा प्लास्टर यांनीं मोठी शस्त्रक्रिया कांहीं वर्षें पुढें ढकलतां येते, आणि तेवढी वाढ पदरांत पडणें हेंही थोडें नव्हे. लंडनजवळील स्टॅनमोरच्या डॉ. मिन मेहता यांनीं तान्ह्या मुलांच्या बांकाला टप्प्याटप्प्यानें प्लास्टर घालण्याची पद्धति रूढ केली व २००५ सालीं तिचे दीर्घ काळाचे अनुभव प्रसिद्ध केले. पण बारा वर्षांच्या मुलीसाठीं तो मार्ग नव्हे.

बांक पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पलीकडे गेला आणि वाढ शिल्लक असली म्हणजे बहुधा शस्त्रक्रिया सुचवितात. कारण एवढा मोठा बांक वाढ थांबल्यावरही स्वस्थ बसत नाहीं, वर्षाला एखादा अंश सरकत राहतो आणि पुढें फुप्फुसांची जागा खातो. मणक्यांना धातूच्या सळ्या जोडून कणा सावरण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेंत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनीं पोलिओनें वांकलेल्या मुलांसाठीं आरंभिली आणि १९६२ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना सळ्या जोडतात, मणके एकमेकांशीं सांधतात, आणि शस्त्रक्रिया चालूं असतां मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर पाहात राहतात, म्हणजे पाय लुळे पडण्याचा धोका वेळींच कळतो. वाढत्या लहान मुलांना लांबवितां येणाऱ्या सळ्या घालतात.

मार्फानच्या रोग्यांत हीच शस्त्रक्रिया अधिक अवघड होते, आणि ती कां, हें घरच्यांनीं समजून घ्यावें. मज्जारज्जूभोंवतालचें आवरण निम्म्याहून अधिक रोग्यांत कमरेच्या भागांत फुगलेलें असतें. तें आंतून हाड झिजवितें, त्यामुळें स्क्रू धरावयास हाड पातळ मिळतें, आणि आवरण फाटण्याची भीति राहते. रक्तस्राव अधिक होतो. जखम चिघळणें, सळी सुटणें अथवा मोडणें, सांधलेल्या भागाच्या वर किंवा खालीं नवा बांक येणें, हेंही इतरांपेक्षां अधिक आढळतें. म्हणून अगोदर एम. आर. आय. आणि सी. टी. काढून हाड व आवरण पाहावें लागतें. भूल देणारे, हृदयवैद्य आणि कण्याचे शल्यविशारद यांनीं एकत्र बसून ठरवावें लागतें. महारोहिणी फार रुंद झाली असेल तर, प्रौढांत पांच सेंटिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा धरतात, आधीं तिची शस्त्रक्रिया, मग पाठीची. एवढी तयारी असल्यास निकाल चांगले येतात. हृदय न तपासतां पाठीची तारीख देणारे डॉक्टर भेटले तर नम्रपणें नमस्कार करून उठावें.

हाडवैद्याविषयीं थोडक्यांत. अभ्यंगाचें तेल निराळें आणि झटका देऊन मणका ‘बसविणें’ निराळें. ज्याचे बंध सैल त्याच्या कण्याला झटका देणें म्हणजे उसवलेल्या शिवणीला हिसडा देणें. २००५ सालीं लॉइस आणि डीट्झ यांनीं वर्णिलेला मार्फानसारखाच एक रोग आहे. त्यांत मानेचे मणके अस्थिर असूं शकतात, पडजीभ कधीं दुभंगलेली दिसते, आणि रोहिणी अधिक लवकर फाटतात. तेथें मानेचा एक झटका प्राणावर बेतेल.

याच्या उलट टोकाला एक वेगळीच गोष्ट आढळते, ती म्हणजे कौतुक. मुलगी पाय मानेमागें घेते, अंगठा मागें वांकवून मनगटाला टेकविते, गुडघे न वांकवितां तळवे जमिनीला लावते. योगासनांच्या स्पर्धेंत तिला बक्षीस मिळतें आणि घरीं पाहुणे आले कीं तिला तें करून दाखवावयास सांगतात. बहुतेक मुलांत हा निसर्गाचा निरुपद्रवी लवचीकपणा असतो. परंतु सांधे वारंवार निखळत असतील, कातडी मखमलीसारखी मऊ व ताणली जाणारी असेल, लहानशा धक्क्यानें निळे डाग पडत असतील, तर डेन्मार्कचे एलर्स यांनीं १९०१ सालीं व फ्रान्सचे दांलो यांनीं १९०८ सालीं वर्णिलेल्या रोगांचा विचार करावा लागतो. २०१७ सालच्या वर्गीकरणांत त्यांचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एका प्रकारांत मूल जन्मतःच लुळ्यासारखें सैल असतें आणि कणा पहिल्या वर्षांतच वांकूं लागतो. हा प्रकार आईबाप दोघांकडून दोषाचें बीज आलें तरच प्रकट होतो, म्हणून नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. आपल्याकडे गोत्र कसोशीनें पाहतात, आणि कित्येक घरांत मामाची मुलगी आनंदानें करितात. जनुकांना गोत्र कळत नाहीं.

मार्फानची गोष्ट निराळी, आणि येथें आपण त्या भगिनींच्या दुसऱ्या अडचणीकडे येतों. मार्फानला एकच पालक पुरतो. चारांपैकीं तीन रोग्यांत तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो, चौथ्यांत नव्यानें उद्भवतो. रोगी पालकाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो कीं मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा. म्हणजे या मुलीला खरोखर मार्फान असेल आणि बेचाळिसाव्या वर्षीं गेलेल्या आजोबांना तोच असेल, तर तपासणी एका मुलीची नव्हे. तिच्या वडिलांची आहे. मोबाइलला दोष देणाऱ्या थोरल्या दिरांची तर आधीं आहे; ते वडिलांच्या मृत्यूच्या वयाच्या पुढें गेले असले तरी महारोहिणी हळूहळू रुंदावते. आणि त्यांच्यांत कांहीं निघालें तर जिचें लग्न जुळत आहे तिचीही आहे.

लग्न होईपर्यंत गप्प बसावें, असें म्हणणाऱ्यांची बाजू आम्हांस कळत नाहीं असें नाहीं. मुलीकडच्यांना मान खालीं घालावी लागते, ठरलेलीं स्थळें हातचीं जातात, आणि लोक एकाचे दहा करितात. पण येथें हिशेब अब्रूचा नाहीं. महारोहिणी रुंदावलेली असतां गरोदरपण आलें तर शेवटच्या महिन्यांत, बाळंतपणांत आणि नंतरच्या दिवसांत ती फाटण्याचा धोका फार वाढतो. अगोदर ठाऊक असेल तर औषध देतां येतें, गरज पडल्यास आधीं शस्त्रक्रिया करून मग मुलाचा विचार करतां येतो, आणि बाळंतपण हृदयवैद्य असलेल्या मोठ्या रुग्णालयांत करतां येतें. ठाऊक नसेल तर गांवच्या प्रसूतिगृहांत रात्रीं दोन वाजतां छातींत कळ येते, आणि तीस लोक अपचन म्हणतात. जी गोष्ट लपवून मुलगी सासरीं धाडावयाची, तीच गोष्ट तेथें तिच्या जिवावर उठूं शकते. शिवाय या रोगाची एक बाजू दिलासा देणारी आहे, ती घरच्यांनीं ध्यानांत घ्यावी. लहान मुलीच्या रक्ततपासणींत नेमका कोणता जनुकदोष आहे तें सांपडलें, तर बाकीच्यांत तोच दोष आहे कीं नाहीं हें नक्की सांगतां येतें. आणि ज्याच्यांत तो नाहीं, त्याच्या संततींत या घराण्यांतून तो उतरत नाहीं. लग्नाच्या मुलीचा निकाल ‘नाहीं’ असा आला तर वरपक्षाला दाखवावयास याहून उत्तम पत्रिका कोणती?

त्या भगिनींनीं क्रम असा ठेवावा. या पंधरवड्यांत मुलीचा इकोकार्डिओग्राम आणि नेत्रतपासणी. त्याच दिवशीं तिच्या वडिलांचा इकोकार्डिओग्राम करून घ्यावा, म्हणजे थोरल्या दिरांना तयार करणें सोपें जाईल. नंतर जनुकतज्ज्ञांचा सल्ला. हीं उत्तरें हातीं आल्यावर पाठीच्या डॉक्टरांकडे परत जावें व पट्टा चालूं ठेवावा कीं शस्त्रक्रियेची तयारी करावी हें त्यांना विचारावें. तोंवर पट्टा आपल्या मतानें काढूं नये. वाढीच्या वयांत चार महिने मोठे असतात, म्हणून पाठीची भेट लांबवूं नये. सासूबाईंना हें सारें सांगण्याचें काम मात्र सुनेवर टाकूं नये, तें मुलानें करावें. आपल्या वडिलांच्या मृत्यूचा विषय त्यानेंच काढणें बरें दिसतें.

पत्रांत आणखी एक लहान प्रश्न होता. मुलगी कबड्डीच्या संघांत आहे आणि पेटी शिकण्याचीही तिला हौस आहे. दोन्ही बंद करावें काय? निदान होईपर्यंत कबड्डी, वजन उचलणें, श्वास कोंडून जोर लावणें आणि मानेवर भार घेणारीं आसनें थांबवावींत. चालणें, सावकाश पोहणें चालेल. पेटी अवश्य शिकवावी. एवढ्या लांब बोटांना सप्तक अडचणीचें जाणार नाहीं. फक्त पेटी उचलून आणण्याचें काम घरांतील मुलग्यांकडे द्यावें.